सूटमधला माणूस आणि ती डरकाळी

वर कुणी म्हटलंय की रबरी सूटमधला माणूस लगेच ओळखू येतो, म्हणून गॉडझिला या महाकाय जनावराचे जुने जपानी सिनेमे बघवत नाहीत. सत्तरच्या दशकातल्या गॉडझिलापटांबाबत मान्य. तेव्हा बजेट आटलं होतं, जुन्या सिनेमांतली दृश्यं सर्रास पुन्हा वापरली जायची. पण १९५४ चा कृष्णधवल 'गोजिरा' (गॉडझिलाचं मूळ जपानी नाव) त्यांच्या पंगतीला बसवू नका. त्यात स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांनी सूटमधला माणूस आणि छोट्या प्रतिकृती यांचं चित्रण कॅमेरा जास्त वेगानं चालवून केलं, म्हणून नेहमीच्या वेगानं दाखवल्यावर पडद्यावर पाऊल जड पडतं, इमारत सावकाश ढासळते. पाण्यापुढे मात्र ही युक्ती तोकडी पडते. इमारत छोटी बनवता येते, थेंब कसा छोटा करणार? समुद्राच्या दृश्यांत हौद हौदच वाटतो.

आणि डरकाळीबद्दल इथे कुणीच बोललं नाही! तो कुठल्याही प्राण्याचा आवाज नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या व्हायोलिनसारख्या पण खूप मोठ्या वाद्याच्या सैल तारांवर चामड्याचा हातमोजा घासायला लावला आणि ते ध्वनिमुद्रण संथ केलं. हेडफोन लावून ऐका. आधी तार खरवडल्याचा कर्कशपणा, मग तोच आवाज खोल जात विव्हळल्यासारखा होतो. मला त्या जनावराची भीती वाटते ती तिथे, आणि कीवही.