कावीळ झालीय, रसवंतीचा रस द्यावा का?

चाळीसगावची सून:
मुलाला (वय १९) कावीळ झालीय, बिलिरुबिन ७.८ आलंय. डॉक्टर म्हणाले आराम करा, हलकं खा, उतरेल. सासूबाई मात्र रोज रसवंतीवरून तांब्याभर रस आणायला लावतात, तोही बर्फ टाकलेला. म्हणतात, काविळीला उसावाचून औषध नाही. द्यावा का? त्यांचं मन मोडवत नाही.

गिरणाकाठ:
ताई, सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. मला कावीळ झाली तेव्हा मी आठवीत होतो. भडगावकडे गिरणेच्या पाटाखाली आमचा ऊस. माय रात्री कांडं सोलून गंडेऱ्या करायची, ताटात घालून घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, दवात ठेवायची आणि सकाळी उपाशीपोटी चावायला लावायची. रस मागितला की एकच उत्तर, "कावीळ व्हयनी का ऊस चावी खावा, रस पेवा नई." मला वाटायचं, मायला रसवंतीपर्यंत जायचा कंटाळा.

पुढे एका वैद्यांनी वाग्भटाचा, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकाराचा, श्लोक दाखवला. दातांनी चावलेल्या उसाचा रस वेगळा आणि यंत्रात पिळलेला वेगळा. यंत्रात बुडखा, शेंडा, किडकी कांडं, मळ सगळं एकत्र चिरडलं जातं, वर तो रस थोडा वेळ राहिला तरी बिघडतो. माय तर अंगठा उठवायची, तिला कुठला वाग्भट!

आणि बर्फ? हिपॅटायटिस ए आणि ई या दोन्ही काविळी दूषित पाण्यातून पसरतात. लादीचं पाणी कुठलं, कुणाला ठाऊक. ए ची लागण झाल्यावर डोळे पिवळे व्हायला साधारण महिना जातो. पोरगा महिन्यापूर्वी कुठे काय प्यायला, ते विचारून बघा.

उसाने यकृत बरं होतं असं मी म्हणणार नाही. तोंडाला चव नसते, तेलाच्या वासाने मळमळतं, तेव्हा चार गंडेऱ्या तरी पोटात जातात, एवढंच. कारखान्याला जातो तो ८६०३२ जातीचा ऊस आणू नका, दात हलतील. पुंड्या मिळाला तर बघा, मऊ असतो. ग्रंथातला पौंड्रक म्हणजे हाच, असं ते वैद्य सांगायचे. सोलण्याआधी ऊस आणि विळा मात्र धुऊन घ्या.

धुळेकर वैद्य:
एक भर घालतो. उसाची मुळी तृणपंचमुळात, म्हणजे औषधातल्या पाच गवतांच्या मुळांत, येते: कुश, काश, शर, दर्भ, ऊस. तो काढा लघवी साफ व्हायला. लोक तोच काविळीला उकळतात, तसं करू नका. घरात कुणाला साखर असेल तर गंडेऱ्या त्यांच्यापासून लांब ठेवा. मुलगा बरळायला लागला, फार झोपाळला किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच क्षणी दवाखाना.

चाळीसगावची सून:
गिरणाकाठ भाऊंचं उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलं. "मी तेच तर सांगत होते," म्हणाल्या, आणि स्वतःच विळीवर बसल्या. पोरगा महिन्यापूर्वी मित्राच्या हळदीला गेला होता, तिथलं सरबत प्यायला म्हणे. सध्या त्याची तक्रार एकच, जबडा दुखतो.