मदत हवी आहे: झोपेची वेळ पुढे पुढे सरकतेय, घडी कशी बसवावी?

रात्री ११ ला आडवं झालं तरी डोळा लागेपर्यंत एक वाजतो. सकाळी ७ चा गजर तीन-चारदा पुढे ढकलला जातो, सुट्टीला थेट १० ला जाग येते. दुपारी ४ ला कॉफी लागतेच. गोळ्या न घेता, फक्त सवयी बदलून सुधारणा होईल का? पहिली कुठली सवय बदलावी?

प्रतिसाद १

पहिली सवय सकाळची. झोप कधी लागावी हे आपल्या हातात नाही, उठायचं कधी हे आहे. ७ ठरवलेत ना, मग सुट्टीलाही ७ च, फार तर साडेसात. १० पर्यंत झोपलात की त्या रात्री १ लाही झोप येणार नाही, कारण जागेपणीचे तासच कमी भरतात.

उठल्यावर तासाभराच्या आत २०-३० मिनिटं उघड्यावर जा. घरातल्या दिव्याखाली फार तर काहीशे लक्स (उजेड मोजायचं माप) प्रकाश असतो, बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी काही हजार. शरीराचं घड्याळ मागे ओढायला हाच उजेड लागतो, बंद काचेआड तो बराच कमी मिळतो. सूर्याकडे मात्र बघायचं नाही.

गजर पलंगावरून हात पोचणार नाही इतका लांब ठेवा.

प्रतिसाद २

कॉफीबद्दल. प्यायलेलं कॅफीन निम्मं व्हायला सरासरी ५ तास लागतात. म्हणजे ४ च्या कपातलं निम्मं रात्री ९ ला आणि पाव हिस्सा २ ला अंगात असतो. काहींना याहून जास्त वेळ लागतो. दुपारी १२ नंतर नको. पण एकदम तोडू नका, डोकं धरतं. दर दोन दिवसांनी कप एक तास अलीकडे आणा. चहा आणि कोलाही यातच धरा.

प्रतिसाद ३

वरचं सगळं बरोबर, पण खरी गोम ११ ला आडवं होण्यात आहे. रोज दोन तास जागं पडून राहिलं की अंथरूण म्हणजे जागायची जागा, असं मेंदू शिकतो. सध्या साडेबारालाच पडा. हो, उशिराच. दमणूक वेगळी आणि झोप वेगळी: पापण्या जड होतात, वाचताना तीच ओळ पुन्हा वाचावी लागते, ती झोप.

अंदाजे २० मिनिटांत लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी संथ करा, झोप आली की परत या. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, नाहीतर ‘आता पाचच तास उरले’ हा हिशेब सुरू होतो आणि उरलीसुरली झोपही उडते. सलग चार-पाच रात्री पटकन झोप लागली की पडायची वेळ १५ मिनिटं अलीकडे घ्या. असं करत करत रात्रीचे किमान ७ तास भरेपर्यंत या.

पहिला आठवडा दिवसा पेंग येईल. बरेच जण इथेच सोडून देतात, तेवढं निभावून न्या. फारच झालं तर ३ च्या आत २० मिनिटांची डुलकी, गजर लावून. गाडी चालवायचं काम असेल किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर झोपेचे तास असे आवळू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

धागाकर्ता

रात्री उद्याच्या कामांचे विचार डोक्यात फिरतात, त्याला काय करावं?

प्रतिसाद ३

झोपायच्या दोनेक तास आधी, अंथरुणापासून दूर बसून, ५-१० मिनिटं कागदावर लिहा: काम आणि त्यापुढे उद्याची पहिली कृती. ‘अहवाल’ एवढंच लिहिलं तर मन घोळतच राहतं. ‘अहवालाचं पहिलं पान तपासणे’ लिहिलं की सुटतं.

प्रतिसाद १

एक राहिलं. मोठं घोरणं, झोपेत श्वास अडकणं, किंवा आठवड्यात किमान तीन रात्री झोप न लागणं तीन महिने चालू असेल, तर सवयींवर विसंबू नका, तपासून घ्या.