बोरूच्या अक्षरांचे इंकस्केपमध्ये व्हेक्टर कसे करावे?

प्रश्न: शाईचा_डाग

नमस्कार. मी बोरूने सुलेखन करतो, परंतु इंकस्केपसारखे व्हेक्टर सॉफ्टवेअर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी चित्र बांधणारे, मला सर्वस्वी नवीन आहे. एका परिचितांच्या दुकानाच्या काचेवर लावण्यासाठी ‘पिठाची गिरणी’ ही अक्षरे मी कागदावर लिहिली असून ती रेडियममध्ये कापून हवी आहेत. कागद स्कॅन करून इंकस्केपच्या ‘ट्रेस बिटमॅप’मधून (चित्राच्या कडा आपोआप रेषांत उतरवणाऱ्या आज्ञेतून) काढला, तेव्हा एकट्या ‘ठ’वर नोडची, म्हणजे रेषेला आकार देणाऱ्या बिंदूंची, दाटी झाली आणि त्याचा गोल भाग जवळून पाहता खडबडीत दिसू लागला. कंट्रोल-एल दाबून ‘सिम्प्लिफाय’ केल्यास (नोड कमी केल्यास) वळण सुधारते, मात्र बोरूच्या फटकाऱ्याची तिरकी टोके बोथट होतात. पेन टूल (एकेक नोड देत हाताने रेषा काढण्याचे साधन) शिकण्यावाचून दुसरा मार्ग नाही का?

प्रतिसाद: वळणदार

मार्ग आहेत, परंतु सुलेखनासाठी एकही समाधानकारक नाही. ट्रेस करणारी आज्ञा कागदाचा खरखरीतपणा आणि शाईचा पसरटपणा हेही अक्षराचाच भाग समजते. कुठे वळण आहे आणि कुठे टोक, हे तिला कळत नाही, तुम्हाला कळते. म्हणून स्कॅन खालच्या लेयरवर ठेवून तो लॉक करावा आणि वरच्या लेयरवर अक्षरे हातानेच गिरवावीत.

त्याआधी एक प्रयोग अवश्य करावा. एक वर्तुळ काढून त्याला ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ लावावे (म्हणजे आकृतीचा पाथ, अर्थात नोडची रेषा, होते) आणि एन दाबून नोड पाहावेत. संपूर्ण वर्तुळ केवळ 4 नोडवर उभे असते: वर, खाली, डावीकडे व उजवीकडे एकेक, आणि प्रत्येक हँडलची (नोडमधून निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या दांडीची) लांबी त्रिज्येच्या सुमारे 55 टक्के असते. तुमच्या ‘ठ’चा गोल भागही असाच बांधायचा आहे. वळण जिथे सर्वांत वर, सर्वांत खाली किंवा सर्वांत बाजूला पोहोचते तिथेच नोड द्यावा आणि कंट्रोल दाबून हँडल आडवे किंवा उभे ओढावे, म्हणजे रेषा आपोआप सुडौल होते. बोरूची जाडी कमी-जास्त होत असल्याने बाहेरची आणि आतली कड स्वतंत्रपणे काढावी लागेल. फटकाऱ्याच्या टोकाशी नोड निवडून शिफ्ट-सी दाबल्यास तो टोकदार होतो, तर शिफ्ट-एस दाबल्यास गुळगुळीत. नवशिक्यांचा ओढा अधिकाधिक नोड देण्याकडे असतो. वळण जमले नाही तर नोड वाढवण्यापूर्वी हँडलची लांबी बदलून पाहावी.

प्रतिसाद: कटिंगवाला

वरील सूचना योग्यच आहेत. मी कटिंगच्या बाजूने थोडी भर घालतो. प्लॉटरची (रेडियम कापणाऱ्या यंत्राची) पाती प्रत्येक पाथच्या कडेने फिरते, त्यामुळे शिरोरेखा, काना आणि वेलांटी वेगवेगळ्या आकृत्या म्हणून एकमेकींवर ठेवल्या असतील, तर पडद्यावर अक्षर अखंड दिसले तरी रेडियम त्या जोडांवर कापले जाते. सर्व निवडून ‘युनियन’ करावे, म्हणजे त्यांची एकच आकृती होते, आणि नंतर ‘आउटलाइन’ (फक्त कडा दाखवणाऱ्या) दृश्यात आत एखादी रेघ उरली आहे का, ते तपासावे. ‘ठ’मधील पोकळी मात्र शिल्लक राहिली पाहिजे.

एसव्हीजी (इंकस्केपची फाइल) दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना माप बदलण्याची शक्यता असते. इंकस्केप स्वतःच 2017 मधील 0.92 या आवृत्तीपासून इंचाला 90 ऐवजी 96 पिक्सेल धरू लागले. यासाठी सोबत पीडीएफ द्यावी आणि शिरोरेखेची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून कळवावी.

शाईचा_डाग

दोघांचेही आभार. नव्या आवृत्त्यांमध्ये ट्रेस करताना ‘सेंटरलाइन’ हाही पर्याय दिसतो. त्याचा येथे उपयोग होईल का?

प्रतिसाद: वळणदार

बोरूच्या अक्षरांसाठी नाही. तो पर्याय फटकाऱ्याच्या मधोमध एकच रेघ देतो, म्हणजे जाड-बारीकपणा नेमका तिथेच हरवतो. एकाच जाडीच्या पेनने काढलेल्या रेखाटनासाठी तो उत्तम आहे.

प्रतिसाद: कटिंगवाला

अक्षरे काचेला आतून चिकटवायची की बाहेरून, हे दुकानदारांना आधी विचारावे. आतून चिकटवायची असल्यास कापण्यापूर्वी सर्व निवडून एच दाबावे, म्हणजे ती आरशातल्यासारखी उलटी होतील आणि रस्त्यावरून सुलटी वाचता येतील.