वादळाने मारलं की कारभाराने? (फिलिपिन्सच्या निमित्ताने)

पागोळी
काल भटकंती यांनी फिलिपिन्समधल्या सियारगाओ बेटाच्या सहलीवर लिहिलं. फोटो झकास. पण शेवटी जे तत्त्वज्ञान पाजळलं, "वर्षाला वीस टायफून (तिकडची चक्रीवादळं) येतात तरी हे लोक हसतात, निसर्गापुढे माणूस काय करणार", ते वाचून डोकं फिरलं. तिथे दोन ओळींत भागणार नाही म्हणून वेगळा धागा.

वीस येतात ते त्यांच्या हद्दीत, जमिनीवरून जातात आठ-नऊ. ठीक. पण माणसं वाऱ्याच्या वेगाने मरत असतील तर हे कसं? नोव्हेंबर १९९१, लेते बेटावरचं ओर्मोक. उरिंग नावाचं वादळ, टायफूनच्या दर्जालाही पोचलेलं नव्हतं. वरचे डोंगर तोडून उसाला दिलेले, खाली नदीच्या पात्रात गरिबांची वस्ती. डोंगरावर पडलेला पाऊस काही तासांत गावात उतरला आणि सुमारे ५,००० माणसं गेली. आता नोव्हेंबर २०२०, कातान्दुआनेस बेट, रॉली. अमेरिकी अंदाजाने ताशी ३१५ किमी, म्हणजे आजवर जमिनीवर आदळलेल्या सगळ्यात जबर वादळांपैकी एक. देशभरात मृत्यू पन्नासच्या आत.

डोंगर काय निसर्गाने तोडले?

चिकित्सक
सोयीची दोन उदाहरणं उचलली की काहीही सिद्ध होतं. योलांडा वादळ का वगळलंत? ८ नोव्हेंबर २०१३. सान पेद्रो उपसागर उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता, त्याच्या निमुळत्या टोकाशी लेते बेटावरचं टॅक्लोबान शहर, दोन लाखांवर वस्ती. वाऱ्याने दर्या त्यात कोंबला, पाच-सहा मीटर पाणी शहरात. सरकारी आकडा ६,३०० मृत, वर हजारावर बेपत्ता. आणि त्याआधी सुमारे ८ लाख लोक हलवले होते बरं का! रॉलीच्या वाटेत असा उपसागर आणि असं शहर आलं असतं तर तुमचा "पन्नासच्या आत" कुठे राहिला असता?

पागोळी
हलवले कुठे? टॅक्लोबानमधले कितीतरी निवारे किनाऱ्यालगतच होते, आत जमलेली माणसं आतच बुडाली. आणि "कधी पाहिलंच नव्हतं" हे तर सांगूच नका. ऑक्टोबर १८९७ मध्ये याच सामार-लेतेवर समुद्र असाच आत घुसला होता. मनिला वेधशाळेतल्या आल्गुए नावाच्या जेझुइट पाद्र्याने सविस्तर लिहून ठेवलंय. ११६ वर्षं कागद पडून होता.

दर्यावर्दी
तुमचा १८९७ चालू द्या. योलांडाच्या वेळी मी बोटीवर सेकंड इंजिनियर होतो. निम्मा क्रू पिनॉय, म्हणजे फिलिपिनो, बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) लेतेचा. घरचा फोन लागेना. तो हातोडी घेऊन डेकवर हॅचच्या कडेचा गंज ठोकत बसला, जेवायलाही उठेना. कॅप्टनने कोणाला त्याच्याजवळ जाऊ दिलं नाही. शेवटी निरोप आला, सगळे जिवंत, छप्पर गेलं. तेव्हा तो रडला, पण बापाच्या माडांसाठी. घर दोन काँट्रॅक्टमध्ये उभं करीन म्हणाला, माड फळायला सात वर्षं, तोवर म्हातारा करणार काय? त्या एका वादळात तीनेक कोटी माड गेले.

बाकी कारभाराबद्दल म्हणाल तर पागोळींशी सहमत. जून २००८ मध्ये 'प्रिन्सेस ऑफ द स्टार्स' मनिलाहून सेबूला निघाली, कारण वादळाचा सिग्नल एक, म्हणजे सगळ्यात खालचा इशारा असताना एवढ्या मोठ्या जहाजाला सुटायची मुभा होती. सिबुयान बेटाजवळ उलटली. आठशेच्या वर माणसं.

सुपारीवाली
माडाचं नाव काढलंत म्हणून लिहिते. ३ जून २०२०, निसर्ग वादळ, आमची श्रीवर्धनजवळची वाडी. भरपाईचा हिशोब हेक्टरवर, आमची वाडी गुंठ्यांत! पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी आडव्या पडलेल्या तेवढ्या पोफळी मोजल्या. शेंडा मोडलेल्या उभ्या होत्या त्या सोडल्या. "या फुटतील" म्हणे. पोफळीचा शेंडा गेला की ती संपली, हे आमच्याकडे शाळेतलं पोर सांगेल.

टग्या
ताई, धागा फिलिपिन्सवर आहे. आणि वादळाच्या वाटेवर पोफळी लावायच्याच कशाला? दुसरं काही लावा की.

सुपारीवाली
पणजोबांना विचारून सांगते हं. पोफळीखाली मिरी, जायफळ सावलीला वाढतं ते तुमच्या गच्चीवर लावू का? मेलेल्या उभ्या पोफळी तोडायची मजुरीसुद्धा आम्ही पदरची दिली. तुम्ही कधी वाडी शिंपली आहे?

दर्यावर्दी
टग्या, हीच अक्कल त्यांच्या सरकारनेही चालवली. योलांडानंतर किनाऱ्यापासून ४० मीटर बांधकाम बंद. लोकांना दूर उत्तरेला घरं दिली, तिथे धड पाणी नाही. मच्छीमाराने होडी काय खांद्यावर न्यायची? परतले बरेच जण.

चिकित्सक
वा! म्हणजे हलवलं नाही तरी कारभार नालायक, हलवलं तरी नालायक. एकदा ठरवून सांगा, मी तेवढ्यात चहा घेऊन येतो.

भटकंती
माझ्या सहलीचं प्रेत पुरेसं फाडून झालं असेल तर बोलू? हसतात म्हणजे सोसतात असं मी लिहिलेलं नाही. माणसं सरावतात, एवढंच. उत्तरेला बातानेसमध्ये इवातान लोकांची घरं बघा, मीटरभर जाडीच्या दगडी भिंती, वर गवताचं जाड छप्पर. पिढ्यान्पिढ्या टिकलीत. ती काय मनिलाच्या सरकारने बांधली?

पागोळी
नाही. पण त्यांच्याकडे दगड होता, चुना होता, पायाखालची जमीन स्वतःची होती. टॅक्लोबानच्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या जागेत पत्रा नि प्लायवूड ठोकून राहणारा कशाला सरावणार? तिथल्या अनिबोंग वस्तीत लाटेने आख्खी जहाजं घरांवर आणून टाकली. त्यातल्या 'एव्हा जोसेलिन'चा पुढचा भाग आता स्मारक म्हणून ठेवलाय, पर्यटक फोटो काढतात. पुढच्या वेळी जा, तुम्हाला आवडेल.

भटकंती
खवचटपणाची गरज नव्हती.

चिकित्सक
बरं, ओर्मोक तुम्हाला दिलं. डोंगर तोडणं गुन्हाच. निवाऱ्यांचंही अर्धं दिलं, तेही १८९७ काढलंत म्हणून. पण पाच-सहा मीटर पाणी कुठल्याही महापौराने अडवलं नसतं. योलांडा मी सोडत नाही.

सुपारीवाली
झालं वाटप? दर्यावर्दी काका, बोसनच्या वडिलांनी माड फळेपर्यंत मधे काय लावलं ते जमलं तर विचारा. आणि टग्या, उत्तर अजून आलं नाही. वाडी शिंपली आहे का कधी?