जुन्या ओम्नीचे हेडलाइट: उजेड वाढवायचा आहे, पण समोरच्याचे डोळे दिपवायचे नाहीत

घाटवाट (प्रश्न)
माझ्याकडे २००६ सालची मारुती ओम्नी असून आठवड्यातून दोनदा पहाटे चारच्या सुमारास माल भरून मी चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडला जातो. गाडीचे दिवे इतके मंद झाले आहेत की पावसाळ्यात रस्त्याची कड वळणावर पोहोचल्यावरच दिसते. गॅरेजमध्ये मला दोन पर्याय सुचवण्यात आले: मूळच्या ६०/५५ वॅटच्या (अप्पर ६०, डिपर ५५) एच-४ बल्बऐवजी १००/९० वॅटचे बल्ब, किंवा त्याच होल्डरमध्ये बसणारे पांढरे एलईडी. परंतु तसे एलईडी लावलेली गाडी समोरून आली की मला स्वतःला काही क्षण काहीच दिसत नाही, आणि तोच त्रास दुसऱ्याला देणे मनाला पटत नाही. डिपरचा, म्हणजे खाली झुकलेल्या झोताचा, उजेड वाढेल पण समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही, असा काही मार्ग आहे का?

जुना वायरमन
बल्बला हात लावण्याआधी मल्टीमीटर घ्यावा. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून, कपलर (बल्बला वायरी जोडणारा प्लग) न काढता त्याच्या मागच्या बाजूने बल्बपर्यंत किती व्होल्ट पोहोचतात ते मोजा, आणि त्याच वेळी बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टही मोजा. ओम्नीसारख्या जुन्या गाडीत दोन्ही दिव्यांचा सुमारे नऊ अँपिअर प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून जातो. स्विचचे काँटॅक्ट झिजले, अर्थिंगच्या बोल्टला गंज चढला, की वाटेतच दीड-दोन व्होल्ट खर्ची पडतात. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात घटत नाही, तर त्याच्या साधारण ३.४ व्या घाताने घटतो, म्हणजे व्होल्टेज एक दशांश कमी झाले तर उजेड जवळजवळ तीन दशांश कमी होतो. अशा वायरिंगवर शंभर वॅटचा बल्ब लावला तर प्रवाह वाढतो, घट आणखी वाढते आणि काही महिन्यांत कपलर वितळतो. वितळलेले असे कपलर मी डबाभर जमवून ठेवले आहेत.

घट आढळली तर रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने चालू होऊन मोठा प्रवाह जोडणारा स्विच, लावून घ्या. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर फ्यूजमधून थेट रिलेपर्यंत आणि तिथून बल्बपर्यंत न्यावी. जुन्या स्विचने फक्त रिले चालू करायचा. डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज ठेवा, नाहीतर घाटात एक फ्यूज उडाला की दोन्ही दिवे एकदम जातील. तयार वायरिंग किट घेण्यापूर्वी गाडीतला स्विच पॉझिटिव्हच्या बाजूने आहे की अर्थिंगच्या बाजूने, हे तपासून घ्या; काही जपानी बनावटीच्या गाड्यांत तो अर्थिंगच्या बाजूने असतो.

हायवेचा राजा
इतका खटाटोप कशासाठी? मी एलईडी लावून दोन वर्षे झाली, रस्ता दिवसासारखा दिसतो आणि कोणी तक्रार केलेली नाही.

प्रकाशवाट
तक्रार करणारा समोरून निघून गेलेला असतो, म्हणून ती आपल्यापर्यंत येत नाही. एच-४ बल्बमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा प्रकाश अडवते आणि त्यामुळेच काचेतून पडणाऱ्या झोताला वरून स्पष्ट कड येते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने ती कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर चढणारी असते. रिफ्लेक्टरचा आकार त्या बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा त्याच जागी, त्याच आकारात बसत नाहीत, आणि म्हणून प्रकाश कडेच्या वर सांडतो. दिवसासारखे दिसते ते गाडीच्या पुढचे दहा-पंधरा मीटर. जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचा खड्डा उलट अधिक अंधारात जातो. धुक्यात तर वर सांडलेला प्रकाश पांढरा पडदा होऊन आपल्याच डोळ्यांवर परत येतो.

रिफ्लेक्टरची चकाकी गेली असेल तर मात्र वायरिंग सुधारूनही फारसा उपयोग होणार नाही. तेव्हा पूर्ण हेडलाइटच नवा बसवावा. पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग लावत, तो उपायही इथे कामाचा नाही, कारण त्याने सांडणाऱ्या उजेडाबरोबर हवा तो उजेडही अडतो.

पासिंग आणि कागदपत्रे
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मूळ वॅटचा बल्ब कायम ठेवून सुस्थितीतले वायरिंग केल्यास उजेडाचा तपशील बदलत नाही.

जुना वायरमन
एक गोष्ट राहिली, आणि ओम्नीच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर केवळ १८४० मिलिमीटर आहे. डिपरचा झोत साधारणपणे एक टक्का खाली ठेवतात, म्हणजे साडेसात मीटरवरच्या भिंतीवर त्याची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. माल भरल्यावर मागची बाजू फक्त दोन सेंटिमीटर अधिक दबली, तरी हा सगळा एक टक्का निघून जातो आणि साधा हॅलोजनसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तुम्ही नेहमी भरलेली गाडी नेता, तेव्हा टायरमधली हवा तपासून, माल भरून आणि चालकाच्या जागी कोणालातरी बसवूनच फोकस लावा.

घाटवाट
रविवारी मोजणी केली. बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते, तर डाव्या बल्बवर ११.८ आणि उजव्यावर १२.१. डाव्या दिव्याचा अर्थिंगचा बोल्ट पूर्ण गंजलेला निघाला. रिले, नवीन वायरी आणि ६०/५५ वॅटचेच नवे बल्ब लावल्यावर दोन्हीकडे १३.५ व्होल्ट मिळत आहेत. डावा रिफ्लेक्टर पिवळट पडला होता, म्हणून त्या बाजूचा हेडलाइट बदलला. पेट्या भरून भिंतीवर पाहिले तेव्हा उजव्या झोताची कड दिव्याच्या मध्यापेक्षा चार बोटे वर होती. ती खाली आणली. काल पहाटे पूर्ण घाटात एकाही गाडीने मला अप्पर मारून इशारा केला नाही. रिकाम्या गाडीने परतताना मात्र झोत थोडा जवळ पडतो. तेवढे मी चालवून घेईन.