जपानात काय काय पोटात गेलं? लिहा बघू (अनुभव धागा)

ओसाकावाली_मावशी
आज सकाळी आप्पे करत होते. शेजारची छोटी ओट्याशी येऊन म्हणाली, "काकू, ताकोयाकी!" (कार्टूनची कृपा.) मला एकदम २०११ आठवलं. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही दोन वर्षं ओसाकाला होतो.

पहिल्याच आठवड्यात दोतोनबोरीत, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, एका ताकोयाकीच्या टपरीसमोर थबकले ती तव्यामुळे. आप्पेपात्रच की! फक्त खळगे पुष्कळ. पोरगा दोन टोच्यांनी गोळे असे गरागरा फिरवत होता की सासूबाई आठवल्या, त्या विणायच्या सुईने आप्पे उलटतात. डबी हातात आली तर वरचे पातळ पापुद्रे हलत होते! मी ह्यांचा दंड धरला, "अहो, जिवंत आहे ते." माशाचा वाळवलेला कीस तो, वाफेने हलतो. पहिला गोळा अख्खा तोंडात टाकला. बाहेरून खरपूस, आत उकळतं पिठलं. टाळू सोलली ती चार दिवस. आणि मध्येच काहीतरी रबरासारखं. ताको म्हणजे ऑक्टोपस हे घरी आल्यावर कळलं. मी सगळं खाते म्हणून निभावलं.

मोठ्या हॉटेलांचं नको. रोजचं, रस्त्यावरचं, दुकानातलं लिहा.

निशिकसाईकर
मावशी, टाळू भाजल्याशिवाय ओसाकात नाव नोंदवत नाहीत :) ताकोयाकी तिथलीच, १९३५ पासूनची.

माझं पहिलं जेवण म्हणजे कोन्बिनीतली (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली) ओनिगिरी. भाताचा त्रिकोण, भोवती शेवाळाचा कागद. वेष्टणावर १, २, ३ आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं. मी नागपुरी हिसका दिला. शेवाळ प्लास्टिकमध्येच राहिलं, भात माझ्या पँटवर. लोकलमध्ये समोरच्या आजींनी न बोलता टिश्यू पुढे केला. आत उमेबोशी होती. खारवलेलं आंबट फळ, मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा भाऊ. दहीभाताची आठवण आली हो एकदम.

शाकाहारी_बिचारी
तुम्ही लोक मजेत. मी आठ महिने रोज मिसो सूप प्यायले. सोयाबीनचं म्हणून. "आपल्या आमटीसारखंच गं" असं आईला फोनवर सांगायचे. मग ऑफिसातल्या एका ताईने सहज विचारलं, "तुला दाशी चालते?" दाशी म्हणजे सूपच्या बुडाशी असलेलं पाणी, बहुतेक वेळा त्याच वाळक्या माशाच्या किसाचं. सोबा (त्यांच्या शेवया) बुडवायच्या सॉसमध्ये तेच, उकडलेल्या भाजीत तेच, अंड्याच्या गुंडाळीत तेच. आईला अजून सांगितलेलं नाही. ती हा धागा वाचत नसावी.

पुणेरी_पाटी
@शाकाहारी_बिचारी, कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके अळंबीची पण दाशी असते. कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठात राहा एक रात्र, सगळं शाकाहारी वाढतात. आणि टोकियो स्टेशनात टीज तानतान हॉटेलातलं रामेन, म्हणजे शेवयांचं सूप. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही.
जाता जाता, खरा शोध संध्याकाळच्या सुपरमार्केटचा. बंद व्हायच्या आधी एक माणूस स्टिकर घेऊन फिरतो, 'हानगाकु', म्हणजे निम्मी किंमत. मी त्याच्या मागे मागे फिरायचो. तो वळला की मी बटाटे बघायचो.

चिंगी
नात्तो. एवढंच लिहून थांबते.

निशिकसाईकर
असं अर्धं लिहून पळायचं नाही

चिंगी
बरं. आंबवलेलं सोयाबीन. ढवळलं की तार सुटते, उचललं की हनुवटीपर्यंत तार, पुसलं की हाताला तार. वास म्हणजे पावसाळ्यात न वाळलेले मोजे. मित्र म्हणाला, सोबत येते ती मोहरी आणि सॉस घाल, छान लागेल. घातलं. मोजे आणि मोहरी.

ओसाकावाली_मावशी
हसून हसून पुरेवाट!! ओसाकात आमचे शेजारीसुद्धा नाक मुरडायचे नात्तोला. ते पूर्वेकडचं, मितो गाव त्याच्यासाठी प्रसिद्ध.

अण्णा_मुलुंड
मला आवडतो नात्तो. गरम भातावर, वर कांद्याची पात. तीन वर्षं रोज खाल्ला. डाळ आंबवून आपण इडली खातोच की.

चिंगी
अण्णा, इडलीला मध्ये आणू नका

विदर्भकन्या
चिकटपणावरून. आपण भेंडी पुसून, वाळवून, आमसूल टाकून तिची तार घालवतो. ते मुद्दाम वाढवतात! पाण्यातून काढायची, बारीक चिरायची आणि बुळबुळीत झाली की वाहवा. घरमालकीणबाईंना मी माझी कुरकुरीत भेंडी दिली तर म्हणाल्या, छान आहे, पण नेबानेबा (बुळबुळीतपणा) कुठे गेलं? आणि भेंडी मिळते जाळीच्या पिशवीत, मोजून आठ-दहा. चार माणसांना भाजी करायची तर किती जाळ्या? हिशोब करून रडले.

कोल्हापुरी_रस्सा
करीचं कोणी लिहिलं नाही? तपकिरी, गोडसर, घट्ट. घरोघरी जो वडीच्या रूपातला तयार करी मसाला वापरतात त्यातल्या एका खोक्यावर सफरचंद आणि मधाचं चित्र. रश्श्यात सफरचंद! एका साखळी दुकानात तिखटाच्या दहा पायऱ्या होत्या. मी कोल्हापूरचा, म्हटलं दहा द्या. पोरीने दोनदा विचारलं. आलं ते तिखट नव्हतं, कडू होतं. नुसती पूड. घाम आला तो लाजेने. संपवलं मात्र, अब्रूचा प्रश्न.

अण्णा_मुलुंड
जपानी करी इंग्रजांच्या वाटेने तिथे गेली. पण टोकियोत शिंजुकूच्या नाकामुराया दुकानात १९२७ पासून मिळणारी करी वेगळी. क्रांतिकारक रासबिहारी बोस जपानात लपले होते ते त्या दुकानाच्या मालकांकडे, पुढे त्यांचे जावईही झाले. इंग्रजी करी ही खरी करी नव्हे म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीची

कोल्हापुरी_रस्सा
अण्णा, इतिहास कळला. खाल्लीत का?

अण्णा_मुलुंड
खाल्ली. हाडासकट कोंबडी, मसाल्याला वास होता. तुमच्या दहा पायऱ्यांपेक्षा बरी.

फोंड्याची_पोर
मी कागोशिमाला शिकत होते. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नावाची बाग आहे, तो १५४९ साली तिथेच उतरला. आमचा गोंयचो सायब! घरी फोटो पाठवला तर आजीने हात जोडले. पोर्तुगीजांनी आपल्याला पाव दिला, जपान्यांना तोच शब्द 'पान' झाला. पहिल्या दिवशी बेकरीवर 'पान' ऐकून मला वाटलं विड्याचं. तेम्पुरा हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला म्हणतात. आणि काकिआगे खाल्लंत का कोणी? कांदा गाजर उभं चिरून एकत्र तळलेलं. आपली खेकडा भजी, फक्त बेसन नाही.

विदर्भकन्या
काकिआगे +१. पाऊस होता, सोबाच्या वाटीत वर ठेवून दिलं होतं. भजी भिजवली म्हणून मी मनात शिव्या दिल्या, मग अर्धं मऊ अर्धं कुरकुरीत खाऊन परत घेतल्या. सोबा भुरके मारून खायची तिथे, आवाज काढायचा. मला तर घरची पंगत आठवली, बाबा ताकाच्या आमटीला असेच भुरके मारतात.

धावतीपळती
कुकर होतोय तोवर लिहिते. फ्रिजमध्ये बाटली दिसली, थंड, चहाच्या रंगाची. उन्हाळ्यात सगळे मुगीचा पितात, बार्लीचा गार चहा, म्हणून मी अर्धा ग्लास घटाघट. तो मेनत्सुयु निघाला. सोबा बुडवायचा सॉस. खारट!!! रूममेट हसून जमिनीवर. शिट्टी झाली, जाते.

शाकाहारी_बिचारी
आणि त्यात दाशी. तू पण आमच्यात आलीस.

वाडीचा_बाबल्या
कोन्याकू. राखाडी वडी, चवच नाय. पहिल्यांदा वाटला पेन्सिल पुसूचा रबर. मग कोणीतरी कंद दाखवल्यान आणि मी उडालंय. अरे हो तर आमचो सुरण! अगदी तोच नव्हे, पण त्याच कुळातलो. तोही घशात खाजता. आम्ही आमसूल घालतो, ते चुना घालतत, मग तो असो गोठता. हिवाळ्यात ओदेनमध्ये (त्यांच्या रश्श्यात) तासन्‌तास उकळून देतत, मोहरी लावून. आवशीक (आईक) सांगितलंय, म्हणाली "सुरणाचो रबर कशाक करूक होयो?"

ओसाकावाली_मावशी
बाबल्या, आवशीक नमस्कार सांग :)

गणपतीबाप्पा_भक्त
हे वाचा. क्योतोला गिऑनजवळ कामेया कियोनागा नावाचं जुनं मिठाईचं दुकान आहे, १६१७ पासूनचं. तिथे कांकिदान मिळतो. कांगितेन म्हणजे त्यांच्याकडे पोचलेला आपला गणपती, त्याचा नैवेद्य. आकार पुरचुंडीचा, वर पाकळ्या मिटलेल्या, तिळाच्या तेलात तळलेला. तळणीचा मोदकच! आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, त्यात सुगंधी मसाले. मी हॉटेलच्या खोलीत फोडला. फोडला म्हणजे खरंच फोडला, दाताने जमेना. आत देवघराचा वास. उदबत्तीचा पुडा उघडून पुरणपोळी खावी तसं. आवडलं का माहीत नाही, पण दोन खाल्ले.

निशिकसाईकर
टोकियोत आसाकुसाला मात्सुचियामा देवळात त्याच देवाला मुळा वाहतात. पांढराशुभ्र हातभर मुळा. आम्ही इकडे गणेशोत्सवाला उकडीच्या पिठासाठी जीव टाकतो आणि बाप्पा तिकडे मुळा खातोय.

चिंगी
मुळा चालेल बाप्पाला, नात्तो नको

नवीनच_आलेली
नमस्कार, मार्चमध्ये योकोहामाला जातेय, मुलगा चार वर्षांचा, फक्त वरणभात खातो. कुकर न्यावा का?

विदर्भकन्या
न्या. आणि हिंग. बाकी सगळं निशिकसाईत, टोकियोतल्या भारतीय वस्तीत, मिळतं. मुलाला यात्सुइमो द्या, भाजलेलं रताळं. हिवाळ्यात गाडी गाणं म्हणत येते. मला एकादशीला मोठाच आधार होता.

पुणेरी_पाटी
याकीइमो. यात्सु नाही.

विदर्भकन्या
तुम्ही बटाटे बघा हो

नवीनच_आलेली
धन्यवाद! तूप विमानात चालतं का?

धावतीपळती
परत आले. मावशी, तुमचं आप्पेपात्र बिडाचं आहे का? माझं नॉनस्टिक उडालं पार.

ओसाकावाली_मावशी
बिडाचंच, सासूबाईंचं. नवीन घेशील तर आधी तेल लावून कांदा भाज त्यात दोन-तीनदा. पहिले दोन घाणे तरीही चिकटणार, ते ह्यांना वाढायचे. इथे छोटी परत आलीये, आप्प्यात चीज घाला म्हणतेय. घालते.