पुल कोट: आकार बरोबर, ओळींमधलं अंतर नाही

पुल कोट म्हणजे लेखातलंच एखादं वाक्य उचलून मोठ्या अक्षरात वेगळं दाखवणं. त्यासाठी सल्ला दिला जातो की मजकूर १२ पॉइंटचा असेल तर कोट १८ चा आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.२ पट. यातलं १८ बरोबर. पण ओळींमधलं अंतर १.२ पट, हे नाही पटत. तो हिशेब रोमन लिपीचा. देवनागरीत वर मात्रा-रफार-अनुस्वार आणि खाली उकार. आपल्याकडच्या सिंहस्थाच्या लेखातला कोट लावून बघा: वरच्या ओळीत 'कुंभमेळा' आणि नेमकं त्याखाली 'त्र्यंबकेश्वर' आलं की 'कुं'चा उकार 'त्र्यं'च्या टिंबाला भिडतो. १८ ला निदान २६-२७ द्या.

लाटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवायची प्रणाली) मात्र २७ लिहूनही ओळी दाटच राहतात, अशी तक्रार हमखास येते. कारण ओळअंतर परिच्छेद संपतो त्या क्षणी जे चालू असेल ते लागतं. आकाराची आज्ञा ज्या महिरपी कंसात आहे तो आधी बंद झाला आणि परिच्छेद नंतर संपला, तर अक्षरं १८ ची, अंतर मात्र मूळ मजकुराचं. टक्कर होईल तिथे टेक (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम) जेमतेम १ पॉइंट जागा सोडतं, त्यामुळे ओळी कमीजास्त अंतरावर पडतात. उपाय एवढाच: कंस मिटण्याआधी 'पार' (\par) ही परिच्छेद संपवणारी आज्ञा द्या.

शोभेचं मोठं अवतरणचिन्ह 'स्मॅश'मध्ये (\smash, उंची हिशेबात न धरणारी आज्ञा) गुंडाळा, नाहीतर पहिली ओळ उगाच खाली ढकलली जाते. आणि रॅपफिग (चौकटीभोवती मजकूर वळवणारं लाटेकचं पॅकेज) वापरत असाल तर कोट क्रमांकित यादीजवळ नको, तिथे ते हटकून गडबडतं.